सोपवलेले काम आणि स्वतःचे काम : पॉल रँड यांच्या आत्मचिंतनाचा विचार

१

कलावंताने स्वतःच्या प्रेरणेने निर्मिलेली कृती आणि दुसऱ्याच्या मागणीवरून सिद्ध केलेली कृती यांच्यात समीक्षा बहुधा नकळत श्रेणी लावते. पहिलीत कलावंताचे व्यक्तिमत्त्व प्रकट होते, दुसरीत त्याचे केवळ कौशल्य राबते, असा हा समज आहे. तो फार प्राचीन नाही. काव्याची प्रयोजने सांगताना मम्मटाने यशाच्या जोडीला अर्थप्राप्तीचाही निःसंकोचपणे निर्देश केला होता. राजाश्रयाने रचलेले काव्य तेवढ्याच कारणाने उणे ठरावे, असे त्याला किंवा त्याच्या टीकाकारांना वाटले नव्हते. परंतु मर्ढेकरांच्या लेखनामुळे ‘आत्मनिष्ठा’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळल्यानंतर, त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ अधिक काटेकोर असला तरी, सोपवलेल्या कामाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती बळावली, हे नाकारता येत नाही.

ही वृत्ती कवी व कादंबरीकार यांच्याबाबत फारशी अडचण करीत नाही. उपयोजित चित्रकाराच्या बाबतीत मात्र ती निरुपयोगी ठरते. वेष्टने, भित्तिपत्रके, जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे, बोधचिन्हे ही त्याची निर्मिती मुळातच मागणीतून जन्म घेते. मागणी वगळली तर त्याच्या हाती उरते ते थोडेच. अशा कलावंताला ‘स्वतःचे’ म्हणावे असे काही असते काय, आणि असल्यास ते कोठे शोधावे, हा प्रश्न अमेरिकन उपयोजित चित्रकार पॉल रँड यांच्या लेखनाच्या आधारे तपासून पाहण्यासारखा आहे. रँड यांनी जवळजवळ साठ वर्षे काम केले आणि त्यांतील पन्नास वर्षे ते आपल्या कामाविषयी लिहीतही राहिले. शिवाय त्यांच्या कामाचा मोठा भाग शब्द, अक्षर आणि चिन्ह यांच्याशी निगडित असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकालाही त्यात स्वतंत्र रस वाटावा.

२

रँड यांचा जन्म १९१४ साली न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका सनातनी ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव पेरेट्झ रोझेनबाउम. उमेदवारीच्या काळात त्यांनी ते टाकून ‘पॉल रँड’ हे नाव घेतले. रोमन लिपीत दोन्ही शब्द चार-चार अक्षरांचे होतात. वंश व धर्म सुचविणारे लांबलचक नाव जाऊन त्या जागी आटोपशीर, समतोल आणि पूर्वेतिहास न सांगणारे नाव आले. हे त्यांचे पहिले बोधचिन्ह होते, असे म्हटल्यास ती केवळ कोटी ठरणार नाही.

तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, १९४७ मध्ये, त्यांनी ‘थॉट्स ऑन डिझाइन’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची रचना लक्षणीय आहे. त्यातील विवेचन सर्वसामान्य तत्त्वांचे आहे, पण दृष्टांतादाखल दिलेली चित्रे बहुतांशी रँड यांची स्वतःचीच आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी ब्रँडी, सुगंधी द्रव्ये, कापडचोपड अशा मालाच्या जाहिराती आहेत. म्हणजे हे पुस्तक एकाच वेळी सिद्धान्तग्रंथ आहे आणि आत्मपरीक्षणही आहे. या आत्मपरीक्षणात ‘हे मी माझ्यासाठी केले, हे दुसऱ्यासाठी’ असा भेद कोठेही केलेला नाही. सुंदर आणि उपयुक्त यांचा एकजीव संयोग हीच चांगल्या कामाची कसोटी, हे पहिल्याच प्रकरणाचे प्रतिपादन आहे. जॉन ड्यूई यांच्या ‘आर्ट अ‍ॅज एक्स्पीरिअन्स’ (१९३४) या ग्रंथाचा रँड यांच्यावरील प्रभाव सर्वमान्य आहे. कलानुभव आणि नित्याचा अनुभव यांच्यामध्ये भिंत घालू नये हा ड्यूई यांचा आग्रह येथे व्यवसायाच्या भाषेत उतरला आहे.

याच पुस्तकात रँड उपयोजित चित्रकारापुढील समस्येचे विश्लेषण करतात. त्याच्यापुढे तीन प्रकारची सामग्री असते. पहिली दत्त सामग्री : वस्तू, मजकूर, आकारमान, माध्यम, छपाईची रीत. दुसरी रूपसामग्री : अवकाश, विरोध, प्रमाण, लय, रंग. तिसरी मानसिक सामग्री : पाहणाऱ्याच्या संवेदना, सहजप्रवृत्ती, दृष्टिभ्रम. या तिन्हींचा अनुभव घेणे, पृथक्करण करणे, त्यांची मांडणी करणे, त्यांना प्रतीकरूप देणे आणि अखेर समन्वय साधणे ही त्याच्या कामाची प्रक्रिया होय.

या वर्गीकरणाचा एक विशेष सहज नजरेतून निसटतो. त्यात ‘दत्त’ असा शब्द आहे, पण दात्याचा उल्लेख नाही. काम कोणी दिले, कोणत्या हेतूने दिले, झालेल्या कामाचे तो पुढे काय करणार, या गोष्टी तिन्हींपैकी कोणत्याच सामग्रीत मोडत नाहीत. त्याचप्रमाणे चित्रकाराचे स्वतःचे मत, निष्ठा किंवा राग यांनाही त्यात जागा नाही. देणारा आणि करणारा या दोन्ही व्यक्ती वगळून केवळ समस्या शिल्लक ठेवली की काम स्वतःचे की सोपवलेले हा प्रश्नच उरत नाही. रँड यांच्या विचाराचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही येथेच आहेत.

३

प्रथम सामर्थ्याचा विचार करू. १९३८ ते १९४५ या काळात रँड ‘डिरेक्शन’ या फॅसिझमविरोधी सांस्कृतिक नियतकालिकासाठी मुखपृष्ठे करीत. त्याबद्दल ते मोबदला घेत नसत. त्यांची अट एवढीच होती की कामात कोणी ढवळाढवळ करू नये. त्यांतील डिसेंबर १९४० चे मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. नाताळच्या भेटीची पुडी जशी फितीने आडवी-उभी बांधतात, तशी येथे संपूर्ण पानावर काटेरी तार बांधली आहे. तारेचा क्रूस होतो. पानावर इतस्ततः लाल ठिपके आहेत. ते नाताळच्या सजावटीतील फळांसारखे दिसतात आणि रक्ताच्या थेंबांसारखेही. युरोप युद्धात होरपळत असताना आलेल्या त्या नाताळविषयी एवढ्या अल्प साधनांनी याहून अधिक बोलणे कठीण होते.

१९४१ पासून रँड वाइनट्रॉब यांच्या जाहिरातसंस्थेत कलाविभागाचे प्रमुख म्हणून काम करू लागले. तेथे त्यांनी कोरोनेट ब्रँडीच्या जाहिराती केल्या. त्यांत ब्रँडीच्या गोल चषकालाच माणसाचे डोके करून एक सेवक उभा केला आहे, आणि पार्श्वभूमीवर ठिपक्यांची नक्षी पसरली आहे. विषय पाहिला तर युद्ध आणि मद्य यांच्यात कसलेच साम्य नाही. पण रचना पाहिली तर दोन्हीकडे एकच युक्ती आढळते : परिचित वस्तूला दुसऱ्या परिचित वस्तूच्या जागी ठेवणे आणि एका साध्या आकाराला दोन अर्थांमध्ये हेलकावे खाऊ देणे. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हे रूपक आणि श्लेष होत. विनामूल्य कामात एक शैली आणि सशुल्क कामात दुसरी, असे येथे दाखवता येत नाही. ‘आत्मा’ पहिलीकडे आणि ‘कसब’ दुसरीकडे ही वाटणी पुराव्यावर टिकत नाही.

याचे स्पष्टीकरण रँड यांनी ‘डिझाइन अँड द प्ले इन्स्टिंक्ट’ या १९६५ च्या निबंधात दिले आहे. त्यांच्या मते खेळाची प्रेरणा मोकळ्या रानात जागी होत नाही. तिला नियमांची चौकट लागते. सात तुकड्यांचे चिनी टॅनग्रॅम कोडे किंवा ल कॉर्बूझिए यांची मोड्युलर ही मापनपद्धती यांचे दाखले देऊन ते सांगतात की मर्यादा स्पष्ट असल्या म्हणजे कल्पनाशक्ती त्यांच्याशी झोंबी घेते आणि त्यातूनच नवे हाती लागते. हा युक्तिवाद मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ओवीचे चरण किंवा आर्येच्या मात्रा कवीला बांधतात म्हणून त्याची वाणी परकी होते, असे कोणी म्हणत नाही. गिऱ्हाइकाने घातलेली अट ही रँड यांच्या दृष्टीने वृत्ताच्या बंधनासारखीच आहे.

४

रँड यांच्या कामाचा आणखी एक गट ‘स्वतःचा’ म्हणता येईल. तो म्हणजे त्यांच्या पत्नी अ‍ॅन रँड यांच्या मजकुराला चित्रे काढून केलेली मुलांची पुस्तके. ‘स्पार्कल अँड स्पिन’ (१९५७) हे पुस्तक शब्दांविषयीच आहे. आवाजाने अर्थ सुचविणारे शब्द, उच्चार एक पण अर्थ भिन्न असणारे शब्द, शब्दांचे वजन आणि चाल, यांची ओळख ते मुलांना करून देते. ‘लिट्ल वन’ (१९६२) मध्ये एकटा पडलेला एकाचा आकडा सोबती शोधीत हिंडतो आणि अखेर एका लाल कड्याशी, म्हणजे शून्याशी, जोडला जाऊन दहा होतो. स्थानमूल्याची कल्पना येथे स्नेहाच्या कथेत मुरली आहे. या पुस्तकांचे श्रेय देताना अ‍ॅन रँड यांचा वाटा चित्रांच्या झळाळीत विसरला जाऊ नये; भाषेविषयीची त्यांतील जाण मूळ मजकुरातच आहे.

हा भाषिक खेळ सोपवलेल्या कामात किती खोलवर गेला, हे १९८१ च्या आयबीएम भित्तिपत्रकावरून दिसते. त्यात कंपनीच्या नावातील पहिल्या दोन अक्षरांऐवजी डोळा आणि मधमाशी यांची चित्रे आहेत. इंग्रजीत त्या वस्तूंची नावे आणि त्या अक्षरांची नावे समोच्चारी आहेत. तिसरे अक्षर मात्र अक्षर म्हणूनच राहते. लिपीच्या इतिहासात ही युक्ती महत्त्वाची आहे. सुमेर आणि ईजिप्त येथील लेखनात वस्तूचे चित्र त्या वस्तूसाठी न वापरता तिच्या नावातील ध्वनीसाठी वापरण्यास आरंभ झाला, तेव्हाच चित्र लिपीच्या मार्गास लागले. मराठीत ‘नाव’ या शब्दाने होडी आणि नाम हे दोन्ही अर्थ कळतात. नामाच्या जागी होडीचे चित्र काढावे, तसा हा प्रकार आहे. रँड यांनी अक्षराला पुन्हा चित्रापर्यंत मागे नेले. वाचकाला अक्षर नव्याने ‘ऐकावे’ लागते, आणि त्या श्रमातच त्याचा आनंद आहे.

त्याच कंपनीच्या बोधचिन्हाचे रूप १९५६ साली रँड यांनी प्रथम सिद्ध केले आणि १९७२ मध्ये त्याला आठ आडव्या पट्ट्यांचे आजचे रूप आले. त्यांच्यापुढील अडचण अक्षरांच्या रुंदीची होती : पहिले अरुंद, दुसरे त्याहून रुंद, तिसरे सर्वांत रुंद, त्यामुळे शब्द संपल्यासारखा न वाटता पुढे पसरतच राहतो. समांतर पट्ट्यांनी तिन्ही अक्षरे एका विणीत आली. देवनागरीत असमान रुंदीच्या अक्षरांना शिरोरेषा एका शब्दात बांधते; रोमन लिपीत अशी रेषा नसल्याने रँड यांना ती, एका अर्थी, आठ वेळा ओढावी लागली. आपल्या या उकलीचे स्पष्टीकरण त्यांनी दिले आहे ते निव्वळ रूपाच्या भाषेत. त्यात कंपनीची थोरवी गायिलेली नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणाची आहे.

५

यापुढे प्रश्न अवघड होतो. १९९१ च्या ‘लोगोज, फ्लॅग्ज अँड एस्कचन्स’ या निबंधात रँड बोधचिन्हाच्या अर्थाविषयी स्पष्ट भूमिका घेतात. बोधचिन्ह ज्याचे द्योतक असते त्याच्या गुणवत्तेपासून त्याला अर्थ लाभतो. चिन्हापासून वस्तूला गुणवत्ता लाभत नाही. ते ओळख पटविते, वर्णन क्वचितच करते. सोस्यूर यांनी भाषिक चिन्हाच्या यादृच्छिकतेविषयी जे सांगितले, त्याच्या अगदी जवळ जाणारे हे मत आहे. वापराने चिन्ह अर्थवान होते, त्याच्या आकारात अर्थ आधीपासून दडलेला नसतो.

रँड यांचे काम मात्र या मताशी सर्वत्र जुळत नाही. १९६१ साली त्यांनी यूपीएस या पार्सल पोचविणाऱ्या संस्थेसाठी केलेले चिन्ह पाहावे. ढालीच्या आकारावर दोरीने बांधलेली पुडी, दोरीची गाठ वर डोलणारी. हे चिन्ह यादृच्छिक नव्हे; ते काय होते ते पाहताक्षणी कळे. परंतु काळाने सिद्धान्ताचीच बाजू घेतली. दोरीने पार्सल बांधण्याची रीत मागे पडली, चिन्ह तरीही चालू राहिले, आणि २००३ मध्ये संस्थेने पुडी व गाठ काढून टाकली. भाषेत हे नित्य घडते. ‘शाई’ हा शब्द फारसीतील काळेपणाच्या वाचक शब्दापासून आला. तरी तांबड्या शाईने लिहिताना कोणालाही विसंगती जाणवत नाही. व्युत्पत्ती विसरली जाते आणि रूढी उरते. रँड यांच्या हाताला व्युत्पत्तीची आवड होती, त्यांच्या सिद्धान्ताला रूढी मान्य होती. ही विसंगती दोष मानण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच त्यांची चिन्हे कोरडी झाली नाहीत.

खरी कसोटी दुसऱ्या एका चिन्हाने लावली. १९९६ मध्ये रँड यांनी एन्रॉन या ऊर्जाकंपनीसाठी तिरक्या अक्षराचे चिन्ह केले. ते त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. दाभोळच्या वीजप्रकल्पावरील वादामुळे या कंपनीचे नाव महाराष्ट्रात त्यापूर्वीच घरोघर पोचले होते. डिसेंबर २००१ मध्ये, हिशेबातील प्रचंड लबाडी उघडकीस आल्यानंतर, ती दिवाळखोरीत निघाली. चिन्हाची एक रेषाही बदलली नव्हती. तेच तिरके अक्षर आता कपटाचे चिन्ह झाले. रँड यांचा सिद्धान्त येथे शब्दशः खरा ठरला. चिन्हाला अर्थ मिळाला तो कंपनीच्या वर्तनापासून.

परंतु सिद्धान्त खरा मानला, तर तो दोन्ही बाजूंनी मानावा लागतो. एन्रॉनच्या अपकीर्तीचा डाग रूपाला लागत नसेल, तर आयबीएमच्या कीर्तीचा उजाळाही रूपाला देता येणार नाही. आणि उपयोजित चित्रकाराच्या थोरवीचा पुरावा म्हणून सर्वत्र मांडल्या जातात त्या यशस्वी कंपन्यांच्याच चिन्हांच्या प्रतिमा. रँड यांच्या ‘अ डिझायनर्स आर्ट’ (१९८५) या ग्रंथाचीही प्रतिष्ठा काही अंशी अशा उसन्या उजेडावर उभी आहे.

६

येथे स्वतःच्या आणि सोपवलेल्या कामातील खरा भेद हाती लागतो. तो पैशात नाही, शैलीत नाही, मर्यादांच्या संख्येतही नाही. तो अर्थाच्या भवितव्यात आहे. ‘डिरेक्शन’चे काटेरी तारेचे मुखपृष्ठ १९४० मध्ये जे म्हणत होते, तेच आजही म्हणते, त्याचा अर्थ त्या पानावर पुरा झाला आहे. एकाचा आकडा आजही शून्याशी मिळून दहाच होतो. सोपवलेले चिन्ह मात्र अपुऱ्या वाक्यासारखे हातावेगळे केले जाते आणि ते पुरे करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो. पहिल्या प्रकारात चित्रकार वक्ता असतो. दुसऱ्यात तो शब्द घडवून देतो आणि बोलतो दुसराच.

रँड यांना हे अधिकाराचे हस्तांतरण जाणवत नव्हते असे नाही. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट या कंपनीसाठी काम करताना त्यांनी एकच उकल दिली, पर्याय देण्यास नकार दिला, आणि चिन्ह कसे सिद्ध झाले हे पायरीपायरीने समजावणारी पुस्तिका सोबत जोडली. एक लाख डॉलरांच्या या कामात गिऱ्हाइकाने वाचक व्हावे आणि वाचनही कर्त्याने शिकवावे, असा हा आग्रह होता. ‘द पॉलिटिक्स ऑफ डिझाइन’ या १९८१ च्या निबंधात वरिष्ठांच्या लहरींमुळे कामाचा कसा विचका होतो हे त्यांनी तळमळीने लिहिले आहे. परंतु त्यांची ही दक्षता काम पुरे होईपर्यंतची आहे. ते गिऱ्हाइकाला रूप बिघडवू देत नाहीत. गिऱ्हाइक अर्थ बिघडवील, या शक्यतेची दखल मात्र त्यांच्या विश्लेषणात नाही. दत्त सामग्रीच्या यादीतून दात्याला वगळण्याची किंमत येथे द्यावी लागते.

उतारवयात ही उणीव अधिक उघडी पडली. ‘डिझाइन, फॉर्म, अँड केऑस’ (१९९३) या ग्रंथाच्या सुमारास रँड यांनी नव्या पिढीवर टीका केली. वर्गाला सामाजिक व राजकीय प्रश्नांचे व्यासपीठ करणे त्यांना मान्य नव्हते. सौंदर्यविचाराला समाजशास्त्राचे रूप देणे त्यांना दिशाभूल करणारे वाटे. या इशाऱ्यात तथ्य नाही असे नाही, कारण चांगला हेतू वाईट रेखनाची भरपाई करू शकत नाही. परंतु हेच रँड १९४० साली फॅसिझमविरोधी नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर काटेरी तार बांधत होते, आणि ती कृती राजकीय आशयावाचून संभवलीच नसती. तरुण रँड यांचे सर्वांत ‘स्वतःचे’ काम वृद्ध रँड यांच्या मताविरुद्ध साक्ष देते.

तात्पर्य, रँड यांचे आत्मचिंतन हे रूपाच्या नीतीचे उत्कृष्ट विवरण आहे आणि त्यापलीकडील नीतीविषयी मौन आहे. सोपवलेल्या कामातही कलावंत संपूर्णपणे उपस्थित असू शकतो, हे त्यांनी लेखनाने आणि त्याहून अधिक कृतीने सिद्ध केले. मागणीवरून केलेल्या कामास हीन लेखणाऱ्या समीक्षेने हा पुरावा स्वीकारावा. मात्र त्यातून दुसरी जबाबदारीही निघते. ज्याच्या हाती चिन्हाचा अर्थ पुढे जाणार आहे, त्याची पारख ही काम स्वीकारण्यापूर्वीची, आणि म्हणून कामाचाच भाग असलेली, गोष्ट आहे. त्या पारखेसाठी रँड यांच्या तीन सामग्रींना चौथी जोडावी लागेल. ती कोणत्या नावाने ओळखावी हे त्यांच्या ग्रंथांत सापडत नाही; तिची गरज मात्र त्यांच्याच चिन्हांच्या इतिहासाने दाखवून दिली आहे.